चटणीतला नारळ

निवृत्त शिक्षकाला आठवड्याचे वार लक्षात ठेवण्यासाठी काहीतरी खूण लागते. शाळेत असताना तासांचे वेळापत्रक ती खूण पुरवीत असे. पुढे आम्ही व आमचे तीन सहकारी अशा चौघांनी मिळून गुरुवार निवडला. सकाळी सारसबागेत दोन फेऱ्या घालावयाच्या आणि मग पेठेतील एका जुन्या उपाहारगृहात जाऊन बटाटेवडा-सांबार, नाही तर इडली, आणि वर चहा घ्यावयाचा, हा क्रम सहा वर्षे अखंड चालला. उपाहारगृहाचे नाव येथे देत नाही. त्याचा सध्याचा मालक आमचा जुना विद्यार्थी आहे, एवढे मात्र सांगितले पाहिजे. वडिलांच्या मागून तो गल्ल्यावर बसला. आम्हांस पाहताच तो उठून उभा राहत असे, आणि एक चहा बिलात न धरण्याचा प्रयत्न दर खेपेस करीत असे. आमचे गणिताचे स्नेही तो प्रयत्न दर खेपेस हाणून पाडीत.

एका गुरुवारी चटणी पुढे आली ती पिवळसर होती. ओल्या नारळाची चटणी पांढरी असते. मिरची-कोथिंबिरीने तिला हिरवी झाक येते ती निराळी. ही पिवळट छटा डाळ्याची, हे स्वयंपाकघराशी थोडाबहुत परिचय असणाऱ्या कोणासही कळेल. नारळाच्या चटणीत थोडे डाळे घालतातच, त्याने ती मिळून येते. परंतु येथे डाळ्यातच थोडा नारळ घातला होता. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिले आणि वडे खाल्ले. पुढील महिन्यात वाटी बदलली. नवी वाटी काठाला पहिलीइतकीच रुंद, पण तळाशी निमुळती. सांबारातली तुरीची डाळ विरळ होऊन लाल भोपळा वाढला. वडा लहान झाला की काय, याविषयी मात्र आमच्यात मतभेद पडला. चित्रकलेचे स्नेही म्हणाले, हा नुसता भास आहे. तेव्हा गणिताच्या स्नेह्यांनी दोन वडे घरी बांधून नेले आणि वजनकाट्यावर ठेवले. काही आठवड्यांनी पुन्हा नेले. तीन महिन्यांत 70 ग्रॅमचा वडा 58 ग्रॅमांवर आला होता. किंमत तीच. शेकडा 17 घट, असे त्यांनी तोंडी गणित करून आम्हांस सांगितले. मालकास सांगितले नाही.

ही कथा आमच्याच पेठेतील आहे असे कोणी समजू नये. उपाहारगृहाचा खर्च कमी करण्याच्या ज्या युक्त्या आहेत त्या साऱ्या देशात थोड्याफार फरकाने सारख्याच आहेत, आणि त्यांतील कित्येक फार चतुर आहेत. काजूच्या रश्श्यात काजूऐवजी मगज, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या जातीच्या बियांचा गर, वाटून घालतात. रंग तोच, दाटपणा तोच, चव जाणणाराच जाणेल. कांदा महागला की कांद्याबरोबर कोबी येतो. 2019 च्या डिसेंबरात कांद्याने किलोला शंभरी ओलांडली तेव्हा कोबीला असे सुदिन आले होते. थाळीला ‘लिमिटेड’ हे विशेषण लागते. पाण्याचा तांब्या नाहीसा होऊन ‘साधे की बाटलीचे?’ असा प्रश्न येतो, आणि ‘साधे’ म्हणणाऱ्याकडे वेटर ज्या नजरेने पाहतो तिला सहसा कोणी टिकत नाही. तळणाचे तेल बदलावयाचे त्या दिवशी बदलत नाहीत. या तेलापुरता तरी कायदा स्पष्ट आहे. वारंवार तापविल्याने तेलात जी ध्रुवीय संयुगे साठतात ती शेकडा 25 च्या वर गेली की ते तेल स्वयंपाकात वापरावयाचे नाही, असा नियम 1 जुलै 2018 पासून देशभर लागू आहे. पण भटारखान्यातील कढईपर्यंत गिऱ्हाइकाची दृष्टी पोहोचत नाही, आणि निरीक्षकाचीही रोज पोहोचत नाही.

वजनाची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन छापावेच लागते. त्यामुळे कारखानदाराने दोन बिस्किटे कमी केली तर निदान भिंग घेऊन बसणाऱ्यास ते सापडते. वड्यावर काही छापता येत नाही. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना आपल्या पदार्थपत्रिकेवर उष्मांक द्यावे लागतात. एका दुकानाच्या मालकास तेही बंधन नाही. त्याचा वडा म्हणजे त्या दिवशी आचाऱ्याच्या मुठीत जेवढे मावेल तेवढा. मूठ लहान करा असे सांगितले की काम झाले. कागदोपत्री कसलाही पुरावा राहत नाही.

हल्ली सर्वांत गाजलेले प्रकरण पनीराचे होय. दुधाची भुकटी, वनस्पतिजन्य तेल आणि कधीकधी पिष्ट यांपासून पनीरासारखा दिसणारा एक पदार्थ करतात. त्याला व्यवहारात ‘अ‍ॅनालॉग’ असे नाव आहे. तो खऱ्या पनीरापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. असा पदार्थ करणे किंवा विकणे हा गुन्हा नाही. ‘पनीर’ या नावाने विकणे हा गुन्हा आहे. वेष्टनावर तसे स्पष्ट लिहावे लागते. पण वेष्टन भटारखान्यातच राहते आणि आपल्या टेबलावर येते ती ‘पनीर मसाला’ हे नाव धारण करणारी वाटी. 2025 च्या मार्चमध्ये आपल्या विधानसभेतही हा विषय निघाला. तेव्हापासून काही उत्साही मंडळी आयोडिनाची बाटली खिशात घालून जेवावयास जातात आणि थेंब टाकून निळा रंग आला की मालकास चोर ठरवितात. आमच्या शाळेतील विज्ञानाचे शिक्षक येथे असते तर त्यांनी या मंडळींना बाकावर उभे केले असते. आयोडिनाने कळते ते पिष्ट. पनीर तळण्यापूर्वी त्याला मक्याचे पीठ लावले असेल तर अस्सल पनीरही निळे होईल; आणि नुसते पामतेल घालून केलेला, पिष्ट नसलेला तोतया त्या परीक्षेत बेलाशक उत्तीर्ण होईल.

आपल्या आजोबांच्या काळी हाच वाद वनस्पती तुपावरून झाला होता. तुपात वनस्पती मिसळले तर कळावे कसे? त्याला रंग द्यावा अशी मागणी पुष्कळ दिवस चालली, पण टिकाऊ आणि निरुपद्रवी असा रंग काही सापडेना. अखेर सरकारने वनस्पतीत शेकडा 5 तरी तिळाचे तेल घातलेच पाहिजे असा नियम केला. कारण तिळाच्या तेलास एका रासायनिक परीक्षेत तांबडा रंग येतो, आणि त्या योगाने भेसळीचे तूप उघडे पडते. तोतयाने स्वतःच्या अंगावर स्वतःची खूण बाळगावी, ही कल्पना आम्हांस फार आवडते. पनीराच्या तोतयासाठी असे तीळ अद्याप कोणी शोधलेले नाहीत.

आणि आजोबांचा काळ तरी कशाला? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांविषयी एक प्रकरणच आहे, त्याचे नाव ‘वैदेहकरक्षण’. वैदेहक म्हणजे व्यापारी. हा समास विद्यार्थ्यांना दिला की ते षष्ठीचा विग्रह करून ‘व्यापाऱ्यांचे रक्षण’ असा अर्थ लावून मोकळे होतात. प्रकरण वाचले म्हणजे कळते की येथे पंचमीचा भाव आहे. रक्षण करावयाचे ते व्यापाऱ्यांपासून! त्यात धान्य, तेलतूप, मीठ, औषधे इत्यादींत त्यांच्यासारखीच दिसणारी दुसरी वस्तू मिसळणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आहे. सारखी दिसणारी, हे महत्त्वाचे. पांढऱ्या नारळाच्या जागी पिवळे डाळे घालणारा आमचा विद्यार्थी कौटिल्याच्या कचाट्यातून कदाचित सुटला असता.

मालकाची बाजू मात्र कौटिल्य ऐकून घेत नाही. ती आम्ही ऐकली आहे, आणि ती खोटी नाही. व्यापारी गॅसचा 19 किलोचा सिलिंडर घरच्या सिलिंडरसारखा सवलतीत येत नाही. 15 नोव्हेंबर 2017 पासून उपाहारगृहाच्या बिलावर बहुतेक ठिकाणी शेकडा 5 कर आहे, तो आपल्याला कमी वाटतो. पण मालकाने भाड्यावर, यंत्रांवर, डब्यांवर जो कर भरलेला असतो त्याची वजावट त्याला त्यात मिळत नाही, तो त्याच्याच अंगावर पडतो. घरपोच अन्न पोहोचविणाऱ्या कंपन्या आपला वाटा आधी कापून घेतात. आचारी टिकत नाही. आणि 2025 साली नारळाने जी उसळी घेतली तिची कथा आमच्या वाचकभगिनींना आम्ही सांगावी असे नाही.

तेव्हा काटकसर करणे यात पाप ते कोणते? बंगळूरास लालबाग रस्त्यावर ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ हे 1924 साली स्थापन झालेले उपाहारगृह आहे. मुलगा किंवा सून तिकडे नोकरीस असल्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांना ते ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेनासा झाला तेव्हा त्यांनी तांदळाच्या जागी रवा घेऊन इडली केली आणि तिला रव्याची इडली असेच म्हटले, असे ते सांगतात. ही काटकसरच होती. पण तिला तिचे स्वतःचे नाव दिले गेले, आणि आज लोक ती मुद्दाम मागून खातात. पुढे 1975 नंतर आणीबाणीच्या दिवसांत खाद्यपदार्थांचे दर सक्तीने खाली आणले गेले. तेव्हा याच मालकांनी पदार्थ उतरविण्याचे नाकारले आणि रोज किती तोटा झाला तो आकडा फळ्यावर लिहून दारात लावला, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. शेवटी उपाहारगृह बंद ठेवून ते तयार पिठांच्या पाकिटांच्या धंद्याकडे वळले. काही वर्षांनी दार पुन्हा उघडले. फळ्यावर तोटा लिहिणारा व्यापारी कौटिल्याने पाहिला असता तर त्याने समासाचा विग्रह बदलला असता.

अशा उघडेपणाचे आपण गिऱ्हाइके कसे स्वागत करतो, हेही पाहण्याजोगे आहे. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला दीडशेच्या पुढे गेले. तेव्हा बर्गर विकणाऱ्या एका प्रसिद्ध परदेशी साखळीने उत्तर भारतातील दुकानांत सूचना लावली, की आमच्या कसोटीस उतरणारे टोमॅटो पुरेसे मिळत नाहीत, सबब काही दिवस पदार्थांत टोमॅटो नसेल. देशभर तिची थट्टा झाली. सूचना न लावता टोमॅटोचे दोन काप गाळणाऱ्या हजारो दुकानांची थट्टा झाली नाही. सेवाशुल्काचेही तसेच. ते बिलात छापलेले असते म्हणून आपण त्यावर भांडलो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये ते आपोआप आकारण्यास मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ती मनाई उचलून धरली. भांडलो हे योग्यच झाले. परंतु छापलेल्या दहा रुपयांवर भांडणारे आपण न छापलेले दहा रुपये निमूट गिळतो.

आम्ही स्वतः तेच केले, आणि त्यासाठीच हा लेख लिहावयास बसलो. पिवळ्या चटणीनंतर आमच्यातील एकेकाने गुरुवार सोडला. इतिहासाच्या स्नेह्यांचे गुडघे दुखू लागले. चित्रकलेच्या स्नेह्यांना नातवाला शाळेत सोडावयाचे होते. गणिताच्या स्नेह्यांना डॉक्टरांनी तळलेले वर्ज्य केले. हे डॉक्टर कोण, ते आम्ही विचारले नाही. आम्ही एकटे दोनदा गेलो, तो उठून उभा राहिला, आम्ही चहा घेतला आणि वडा तसाच ठेवून आलो. मग आम्हीही जाणे सोडले. त्याला काय सांगावयाचे? ज्याला आम्ही दहावीपर्यंत संस्कृत शिकविले, त्याच्या चटणीत नारळ नाही असे त्याच्या तोंडावर म्हणावयाचे? तो संकोच आम्हांस त्या वेळी सौजन्य वाटला.

2025 सालची गुरुपौर्णिमा 10 जुलैस, नेमकी गुरुवारी आली. सायंकाळी तो घरी आला. हातात फुले आणि नारळ. नमस्कार करून बसला आणि इकडचे तिकडचे न बोलता म्हणाला, “सर, तुम्ही चौघंही येत नाही. काही चुकलं का माझं?”

आम्ही गुडघ्यांविषयी काहीतरी बोललो. आमच्या घरची मंडळी चहा घेऊन बाहेर येत होती, ती म्हणाली, “ह्यांचे गुडघे चांगले आहेत. तुमच्या चटणीत नारळ नसतो म्हणून येत नाहीत. मला गेले आठ महिने रोज ऐकवताहेत.”

काही वेळ कोणी बोलले नाही. मग तो सांगू लागला. वर्षापूर्वी त्याने वड्याच्या बशीमागे तीन रुपये वाढविले होते. त्या एका सकाळी अकरा जण गल्ल्यावर येऊन भांडले. एकाने वडिलांचे नाव काढले. त्याने तिसऱ्या दिवशी भाव उतरविला आणि नारळ कमी केला. “नारळ कमी केला त्या दिवशी मी दिवसभर गल्ल्यावर घाबरून बसलो होतो, सर. कुणीच काही बोललं नाही. मग वाटी बदलली. तेव्हाही नाही. मला वाटलं, लोकांना चालतंय. गुरुवारी तुमच्याकडे बघायचो. म्हटलं, सर बोलतील. तुम्हांला कळलं नव्हतं का?”

“पहिल्याच दिवशी कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

चाळीस वर्षे वर्गात प्रश्न आम्ही विचारले. या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. ‘तुला वाईट वाटेल म्हणून’ असे ओठावर आले होते. पण आठ महिने वाट पाहून तो स्वतः नारळ घेऊन आमच्या दारी आला होता, तेव्हा त्याला यापेक्षा अधिक वाईट वाटण्यासारखे आम्ही काय करू शकलो असतो? त्याने पुढे सांगितले की सकाळची गिऱ्हाइके तिसऱ्या हिश्श्याने घटली आहेत. भांडून कोणी गेले नाही. मुलगा म्हणतो, जागा भाड्याने देऊन टाका, औषधाचे दुकान होईल.

त्या सायंकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक फलक तयार झाला. मजकूर त्याचा, शुद्धलेखन आमचे. ‘नारळ महाग झाल्यामुळे चटणी डाळ्याची आहे. नारळाची हवी असल्यास 5 रुपये अधिक.’ त्याने ‘अधिक’ मध्ये दीर्घ धी काढली होती. दहावीतही तो हेच करीत असे. वड्याचे काय, असे आम्ही विचारले. तो थोडा थांबला आणि म्हणाला, वडा पूर्वीच्या मापाचा करतो आणि चार रुपये वाढवतो, तेही लिहा. लिहिले.

पुढील गुरुवारी आम्ही चौघे गेलो. गणिताच्या स्नेह्यांचे पथ्य संपले होते. फलक गल्ल्याच्या मागे, वडिलांच्या तसबिरीखाली लावला होता. आमच्या देखत दोघांनी तो वाचून नाक मुरडले, आणि एक गृहस्थ तर पाच रुपये कशाचे म्हणून चांगला दहा मिनिटे वाद घालून, शेवटी नारळाचीच चटणी मागवून बसले. आमच्या टेबलाशी वेटर आला. तिघा स्नेह्यांनी डाळ्याची सांगितली. इतिहासाचे स्नेही म्हणाले की तीही तशी वाईट नव्हती. आम्ही नारळाची मागविली. आली ती पांढरीशुभ्र होती, वर हिंगमोहरीची फोडणी होती. पण वाटी तीच, तळाशी निमुळती.

आम्ही त्याला हाक मारली आणि वाटी दाखविली.

तो हसला. “सर, जुन्या वाट्या माळ्यावर आहेत,” म्हणाला, आणि पोऱ्याला शिडी आणावयास पाठविले.